कोपरावरची रफू

१२ नोव्हेंबर १९०९, शुक्रवार

परवा तो येणार! कबनूरचा विणकर, करीम. फातिमाखालानं माझ्या बहिणीसाठी, हाफिजासाठी आणलेलं स्थळ. अम्मा म्हणते, ‘पोरीला तेविसावं सरलं, आता दारात कोण येतंय?’ मी दरबारच्या कचेरीत कारकून, आणि माझा मेहुणा मागावर बसणारा! अब्बा रफूगार होते हे मी कचेरीत आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. आता हे!

वर मीच त्याला शहर दाखवायचं म्हणे. रविवार वाया गेला.

१३ नोव्हेंबर

हाफिजानं माझा कोट झटकून खुंटीला लावला. कपाटाच्या खिळ्याला अडकून कोपरावर फाटला होता. गेल्या महिन्यात तिनं रफू केली — आता माझी मलाच जागा सापडत नाही. कचेरीतल्या माझ्या साहेबांना, शिरस्तेदार गणपतरावांना मी ‘मुंबईचा, नवा’ म्हणून ठोकून दिलंय. त्यांनी वाखाणला!

ती आज काम करताना गुणगुणत होती. किती दिवसांनी.

१४ नोव्हेंबर, रविवार

शी! दोनदा आंघोळ केली तरी तो वास नाकातून जात नाही. आंबलेल्या खळीचा वास. ती खळ लावूनच सूत ताठ करतात म्हणे — मग माणसानंही अंगाला फासलीच पाहिजे का?

काल तो उचगावात खालाकडे उतरला होता. सकाळी चालत आला. तोंडात तंबाखू, पाय धुळीनं पांढरे. दारातूनच ‘चला शमशुभाई!’ — एवढ्या मोठ्यानं की समोरच्या खिडक्या उघडल्या. त्याला घेऊन मी लगेच निघालो.

महाद्वाराशी नेलं. माणसं शिखराकडे बघतात, हा बायकांच्या पदरांकडे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर म्हणतो, ‘काठ बघा की, तीन रंग चालवल्यात!’ पंचगंगेच्या घाटावर नदी बघितलीच नाही. वाळत घातलेलं एक लुगडं उचललं, बोट तोंडात घालून ओलं केलं, आणि त्याच बोटानं सूत चोळून बघितलं. धुणारीनं शिव्या घातल्या. हा हसतोय! तंबाखूनं काळे पडलेले दात.

नव्या राजवाड्यासमोर म्हटलं, बघा, घड्याळाचा मनोरा! ‘लई उंच हाय,’ म्हणाला, आणि पहारेकऱ्याच्या पटक्याचा पोत कसा आहे ते सांगत बसला. रंकाळ्यावर पचकन थुंकला. मी दहा पावलं पुढं चालू लागलो. तोही पाय उचलायचा, पण मी अंतर राखलं.

शेवटी टाऊन हॉलची बाग. आणि नेमके समोरून गणपतराव, कुटुंबासह! मी हात जोडतोय तेवढ्यात मागून त्यानं माझं कोपर धरलं. तेच ओलं बोट!

‘या अल्ला! हितं केवढं भोक हुतं की! कुणाचा हात हाय ह्यो? आसली रफू म्या जल्मात बघितली न्हाय!’

गणपतरावांनी कोटाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. ‘कोण हे, शमशुद्दीन?’

‘कोण जाणे, साहेब. खेड्यातला दिसतोय. वाट विचारत होता.’

त्यानं कोपर सोडलं. बोट धोतराला पुसलं. आणि म्हणाला,

‘व्हय. पावणं, कबनूरची वाट कोणची?’

मी हात करून दाखवली. तो गेला.

घरी अम्मानं पुलाव करून ठेवला होता. मी सांगितलं, त्याला स्थळ पसंत नाही, परस्पर गेला. हाफिजा पडद्याआडून म्हणाली, ‘मला बघितलं तरी कुठं त्यानं?’ मी पुलाव वाढून घेतला. सुटलो एकदाचा!

१५ नोव्हेंबर

गणपतरावांनी कोटाचा विषय काढला नाही. कोपराकडे मात्र दोनदा बघितलं.

१७ नोव्हेंबर, बुधवार

फातिमाखाला आली ती तणतणतच. चप्पलही काढली नाही.

‘त्यानं न्हाय म्हटलं? आरं, त्यो माझ्या दारात थांबला, रफू कुणाची ते इचारलं आनि सांगून गेला — पोरगी पसंत हाय. तिच्या हातची रफू बघितली, आनि काय बघायचं? पर भावाला आमची वळखच न्हाय, म्हनला.’ मग बागेतलं सगळं सांगितलं. वाट विचारल्याचंसुद्धा!

अम्मा म्हणाली, ‘पुन्हा बोलून बघ की गं.’

‘आता त्यो ह्यो उंबरा चढायचा न्हाय.’

मी म्हटलं, तो थुंकतो, त्याचा वास येतो, असल्याच्या घरात ती कशी नांदेल? खाला म्हणाली, ‘तिला इचारलंस?’

पडदा हलला. मग आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, फार वेळ.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

कचेरीला निघताना खुंटीवरचा कोट घेतला. कोपराची रफू उसवलेली. सुई लावून, एकेक धागा सोडवून, कापडाला जराही न दुखवता. भोक एवढं मोठं होतं हे मी विसरलोच होतो. हात घातला तर अख्खं कोपर बाहेर.

हाक मारली, ‘हाफिजा! हे काय?’

ती चुलीपुढून उठली नाही. वरही बघितलं नाही.

‘हितं रफू करून मिळत न्हाय, पावणं.’