रेणूला डोंगर हवा

हॅमिल्टन, न्यूझीलंड
५ मे २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मधेच फोन हिसकावतात आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून पत्र लिहितेय. सोबत एक चित्रांचं पुस्तक आहे. रेणूच्या वर्गात सध्या तेच चाललंय. त्यातल्या छोट्या माओरी मुलीला पाहुणे विचारतात, तू कोणाची? ती एकदम नाव सांगत नाही. आधी आपला डोंगर सांगते, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग घरची माणसं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. इथली तशी रीतच आहे. २५ जुलैला प्रत्येक मुलाने पालकांसमोर उभं राहून असंच सांगायचं आहे.

आमच्या रेणूबाईसाहेबांना डोंगरच नाही. मी घरासमोरची टेकडी सांग म्हटलं, तर तिच्या वर्गाच्या माओरी बाई (त्यांचं नावच ‘हिने’) प्रेमाने म्हणाल्या की ती टेकडी त्यांच्या माणसांची आहे. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा डोंगर आपला म्हणू नये, रेणूच्या घरच्या मोठ्यांना विचारा. तेव्हापासून पोट्टी रुसून बसली आहे. वर्गात आपण एकटीच बिनडोंगराची, म्हणून त्या दिवशी आपलं पोट दुखणार असं तिने आत्ताच जाहीर केलंय. परवा रडलीसुद्धा. तेव्हा दोन ओळींत आपला डोंगर, नदी आणि होडी कळव. पुस्तक बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
योगिनी


तारनाका, हैदराबाद
२४ मे २०२५

चि. सौ. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं आणि पोचताच तुझ्या बाबांच्या हाती लागलं. पोस्टमन यायच्या वेळी ते फाटकातच उभे असतात, त्याला मी काय करू? चित्रं फार गोड आहेत. त्यातल्या आजीच्या हनुवटीवरचं गोंदण पाहून मला माझी आईच आठवली. आपल्या रेणूला दोन वर्षांची पाहिली होती. आता ती डोंगर मागते.

आता भांडण ऐक. तुझे बाबा म्हणतात, नदी गोदावरी आणि डोंगर नांदेडकडच्या आपल्या गावचा. मी म्हटलं, तीन वर्षांचे असताना गाव सोडलंत, गोदावरी रेल्वेच्या खिडकीतून दिसते तेवढीच तुमची. आपली नदी मुसी, शहरातून वाहते ती. त्यावर ते म्हणाले, म्हणजे परदेशात पोरीने वासाने नाक धरून नदी सांगायची काय? हा तंटा त्यांनी जामबागच्या मराठी मंडळात नेला. तिथली एरवी चहा पिऊन पेंगणारी निवृत्त मंडळी एकदम पेटली. एकाने सह्याद्री सुचवला, जो त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिला आहे. भामाबाई वकील म्हणाल्या, हिमालय घाला, म्हणजे वादच नको. शेवटी उपसमिती नेमली आणि बिस्किटं संपल्यावर सभा उठली.

होडीवर मात्र एकमत झालं. होडीतून कोणीच आलं नाही. तुझे आजोबा मीटर गेजच्या गाडीने काचीगुड्याला उतरले, डोक्यावर ज्वारीचं पोतं आणि कडेवर तुझे बाबा. रेल्वेच्या नोकरीत जन्म गेलेल्या तुझ्या बाबांना यापरतं सुख नाही. रेणूसाठी त्यांनी सात पिढ्यांचं भाषण लिहिलं आहे, ते जोडलंय. मी अडवून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

पोरीचा पापा घे. लोभ पुष्कळ आहे, पत्रं तेवढी कमी पडतात.
तुझी आई, जयवंता


हॅमिल्टन
१० जून २०२५

ती. सौ. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

भाषण मिळालं. रेणूला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. तिसऱ्या पिढीला तिचा डोळा लागला. जागी झाल्यावर मात्र तिने जे विचारलं, ते तसंच लिहिते. पुस्तकातली आजी नातीला डोंगरावर नेते आणि खडकाला हात लावायला लावते. आजोबांनी आपल्या डोंगराला हात लावलाय का? लावला नसेल, तर तो आपला कसा?

बाबा, खरं काय ते लिहा. खोटा डोंगर सांगायला ती उभी राहणार नाही म्हणते, आणि मला ते पटतं.

उत्तराकडे डोळे लावून,
योगिनी


तारनाका
२८ जून २०२५

चि. सौ. योगिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, नाही लावला. गावचा डोंगर त्यांच्या वडिलांच्या बोलण्यातला, त्यांना स्वतःला आठवतही नाही. मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने म्हणाले, पण एक आहे. मौला अलीच्या रेल्वे यार्डात ड्युटीवर जाताना ते रोज सकाळी तिथल्या पहाडाला मनातल्या मनात नमस्कार करायचे. पन्नास वर्षांच्या संसारात हे मला आत्ता कळतंय.

लगेच चढायला निघाले. गुडघ्याला पट्टा, मागे मी, माझ्या पिशवीत पाणी आणि मलम. वर दर्ग्यातल्या म्हाताऱ्या मुजावरांना त्यांनी चपला काढून विचारलं, की माझी नात सात समुद्रांपलीकडे असते, तिने शाळेत हा पहाड आपला म्हटलं तर चलता क्या? मुजावर म्हणाले, हौ, पहाड तर आमच्याही पहिले से आहे, आम्हीच त्याचे. पोट्टीला बोलो, बेफिकर बोलना. मग तुझ्या बाबांनी खडकाला तळहात लावला आणि काढलाच नाही. मला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती, रडत होते.

नदी मुसीच, हे त्यांनी उतरताना मान्य केलं. तेव्हा त्यांना माझ्या खांद्याची गरज होती.

रेणूला धीर दे. आमचा जीव तिथेच लागलाय.
आई


हॅमिल्टन
२८ जुलै २०२५

ती. सौ. आई आणि ती. बाबांस,
सा. न.

रेणू उभी राहिली. डोंगर मौला अली सांगितला, नदी मुसी सांगितली आणि तिला वास येतो हेही सांगितलं, कारण खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. होडीच्या जागी आगगाडी सांगताना शिट्टी मारली. मग तुमची नावं, आमची, आणि शेवटी स्वतःचं. हिने बाईंनी तिच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं. इथे हा मानाचा नमस्कार. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

घरी येताना गाडीत तिने विचारलं, आई, तू हात लावलास? तारनाक्यात वाढले मी, बसच्या खिडकीतून शंभरदा पाहिला, एकदाही चढले नाही. दरवर्षी पुढच्या वर्षी नक्की येऊ असं तुम्हाला सांगते, तेही खोटंच. घरी येऊन आधी तिकिटं काढली. डिसेंबरात रेणू, तिचे बाबा आणि मी, तिघंही येतोय.

गुडघे जपा, आणि आमची वाट पाहा.
योगिनी


तारनाका
१४ ऑगस्ट २०२५

चि. रेणूस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

हे आईकडून वाचून घे. तू येणार हे डोंगराला आयत्या वेळी कळायला नको, म्हणून काल पुन्हा चढून त्याला सांगून आलो. तुझी आजी मला हौला, म्हणजे वेडा म्हणते, म्हणू दे. तो तर थांबणारच आहे. मीही थांबतो. तू ये.

तुझाच,
आजोबा नामदेवराव