सोनीला पकडायचं आहे

३ फेब्रु., मंगळ.
सोनी मांजर पुन्हा माजावर. कंपाउंडच्या भिंतीवर ओरडणं चालू. मागच्या दोन खेपांचं एकही पिल्लू जगलं नाही. वसुधा शेवटपर्यंत म्हणत होती, "अहो, हिचं ऑपरेशन करून टाकू या." मी 'बघू' म्हणायचो. आज एकटाच दवाखान्यात जाऊन शनिवारची वेळ घेतली.

५ फेब्रु., गुरु.
दवाखान्यातून पिंजरा आणला, आत सुकट ठेवली. फिरकली नाही. वसुधा गेल्याला आठ महिने. मी ताटली ठेवून आत गेल्याशिवाय सोनी जवळ येत नाही. शेजारच्या सावित्री अक्का भिंतीपलीकडून त्यांच्या कानडी मराठीत म्हणाल्या, "सर, ती मॅडमच्या आवाजाला येत होती. तुम्हाला स्वल्प कष्टच, जरा जडच जाणार."

६ फेब्रु., शुक्र.
ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सापडायलाच हवी. फोनमध्ये वसुधाचा एक निरोप आहे, मी सांगलीला गेलो होतो तेव्हाचा. ती गेल्यापासून ऐकला नव्हता. फोन पिंजऱ्यामागे ठेवून लावला. "अहो, पोचलात का? गोळी घेतलीत? थांबा हं... सोने! ये गं बाळा, ये ये."
तिसऱ्यांदा लावल्यावर भिंतीवरून उतरली. सरळ आत. दार पडलं. ओरडली नाही, फोनकडे तोंड करून बसली.
मीही पायरीवर बसलो. फसवलं तिला. वसुधाच्या आवाजात.

७ फेब्रु., शनि.
ऑपरेशन झालं. रेबीजची लसही. खूण म्हणून कानाचं टोक कापलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." वेळेवर! फॉर्मवर मालकाचं नाव विचारलं, वसुधाचं सांगितलं.

१० फेब्रु.
पिंजरा बेडरूममध्ये. मी पेपर वाचत असलो की खाते. आज बोटाला नाक लावलं. एवढंच. पण सांगायला घरात कुणी हवं होतं...

१४ फेब्रु.
जखम भरली. दार उघडलं. उंबऱ्याशी थांबली, मग भिंत चढून गेली. मागे पाहिलं नाही.

१७ फेब्रु.
तीन दिवस पत्ता नाही. अक्का म्हणाल्या, बेकरीमागे कान कापलेलं मांजर दिसलं. गेलो. दुसरंच होतं, काळं. बेकरीवाला म्हणाला, "मॅडम रोज इथं येत होत्या, मांजरांना खायला घेऊन." मला माहीतच नव्हतं. अजून कुठंकुठं जायची कोण जाणे.
उद्या पलीकडच्या गल्लीत बघतो.