दहा इंच वजा

प्रिय फूटपट्टी,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे. तुझे बाबा गेले आणि ते नाव घरातून गेलं. आज पत्राला बसले आणि हाताने आपोआप तेच लिहिलं, तर असू दे. फोनवर तू 'आई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून पत्र.

तू पाठवलेला स्वेटर मिळाला. रंग झकास आहे, बाह्या मात्र वीतभर लांब. अगं, माणूस म्हातारपणी आटतं, वाढत नाही! दुमडून घालते आहे. ढवळी व्यायली, कालवड झाली, कपाळावर तिच्या आईसारखाच चांद आहे. नाव अजून ठेवलेलं नाही. पोरगी मोठी गुणाची आहे, फक्त एक खोड आहे. आपल्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नाही. बादली पुढे केली की हुंगते आणि माझ्याकडे अशी बघते, जणू मीच त्यात काही कालवलंय. आता ढवळीही तेच करते, मग मायलेकींसाठी दूधकेंद्रावरच्या टाकीतून कॅन भरून आणायचे. रोज सहा. माझ्या कमरेचे काय हाल होत असतील ते विचारू नकोस.

तुला सगळं माहीतच आहे म्हणा, पण आमच्या बाजूने ऐकलेलं नाहीस. ओढ्यापलीकडचा माळ घड्याळकाकांनी कंपनीला भाड्याने दिला. (आयुष्यात कुठेही वेळेवर पोचले नाहीत म्हणून हे नाव, तूच ठेवलेलं, आठवतं?) या कामाला मात्र गडी अगदी वेळेवर पोचला. गेल्या साली तिथे पहिलं भोक पाडलं. जमिनीच्या पोटात पाण्याचा आणि कसल्याकसल्या औषधांचा जोराने मारा करायचा, खडक फोडायचा आणि फटींतून वायू वर ओढायचा. त्याचं इंग्रजी नाव दूधकेंद्रवालीच्या जिभेवर काही केल्या बसेना. तिने त्याला सरळ 'फोडणी' म्हणायला सुरुवात केली आणि आता सगळं गाव फोडणीच म्हणतं. साहेबलोक आले की पोरंटोरं ओरडतात, फोडणीवाले आले. साहेबांना वाटतं, इथे कुणीतरी स्वयंपाक करतंय.

आता त्यांना अशी वीस भोकं आणखी हवी आहेत. त्यातलं एक आपल्या गवताच्या पट्टीला लागून, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. परवानगी द्यायची की नाही, ते येत्या गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये ठरणार आहे.

आम्ही काही मूग गिळून बसलेलो नाही, बरं का. गेल्या महिन्यात त्यांचे टँकर ओढ्यावर पाणी भरायला येऊ लागले, तेव्हा निवृत्त मास्तरीणबाईंनी डोकं लढवलं. घोषणा नाहीत, दगड नाहीत. प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणायची आणि अरुंद रस्त्यावर मांडून बसायचं. सतरा जणी होतो. मी बाबांची खुर्ची नेली, एक पाय आखूड असलेली, खाली पुठ्ठा घालून. कुणी विणत होतं, कुणी मटार सोलत होतं. पहिल्या टँकरवाल्याने भोंगा वाजवला. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की बिचाऱ्याने इंजिनच बंद केलं. वळायला जागा नाही, मागे आणखी दोन टँकर. शेवटी तिघे रिव्हर्समध्ये पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. जाताना त्या पहिल्याने हात जोडले, म्हणाला, मावशी, माझी आईही तुमच्यात बसली असती. मी त्याला मूठभर मटार दिले. त्या दिवशी मला जी भूक लागली होती, तशी बाबा गेल्यापासून कधी लागली नव्हती.

तर, पाणी. फोडणीवाले म्हणतात, विहिरीचं पाणी वरखाली व्हायचंच, आधीच्या नोंदी दाखवा. त्यांना वाटलं, खेड्यातल्या बायका, यांच्याकडे कसल्या नोंदी! मी म्हटलं, आहेत की. अठ्ठावीस वर्षांच्या आहेत.

ती दोरी अजून पंपाच्या खोलीत त्याच खिळ्याला आहे. तू अकरा वर्षांची होतीस. कुठेतरी वाचलंस की विहिरीचं पाणी रोज मोजावं, आणि हट्ट धरलास. बाबांनी दोरी आणली, खाली लोखंडी नट बांधला. तू शाळेची फूटपट्टी लावून फुटाफुटावर शाईच्या खुणा केल्यास आणि खुणेखुणेवर गाठी मारत सुटलीस. सात गाठी झाल्यावर बाबांनी पट्टी लावून पाहिली आणि हसत सुटले. गाठ दोरी खाते, हे तुझ्या ध्यानातच आलं नव्हतं! सात गाठींत मिळून दहा इंच गायब. तू पाय आपटलेस, रडलीस, पण गाठी सोडू दिल्या नाहीस. आठव्या गाठीपासून आधी गाठ, मग माप. तेव्हापासून तुझं नाव फूटपट्टी. रोज सकाळी धारा काढल्या की दोरी सोडायची, नट पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायचं. आधी तू, तू शिकायला गेल्यावर बाबा, गेली सहा वर्षं मी. बाबांना नेलं त्या दिवशीही मी लिहिलं होतं. चौदा गाठी. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

फोडणीच्या आधी इतक्या वर्षांत, अगदी कडक उन्हाळ्यातसुद्धा, पाणी एकोणिसाव्या गाठीखाली गेलेलं नाही. फोडणी सुरू झाल्यापासून पाच महिन्यांत ते सव्विसाव्या गाठीला गेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी शेवटच्या दहा वर्षांच्या वह्यांच्या प्रती काढून परवानगी देणाऱ्या अधिकारीसाहेबांना दिल्या. जुन्या वह्या माळ्यावर, म्हटलं त्या धुळीत कशाला हात घाला. तिथे मी चुकले.

गेल्या सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. जाडजूड. मास्तरीणबाई आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून पान न् पान वाचलं. त्रेचाळिसाव्या पानावर लिहिलंय की सदर दोरी सदोष असून तिच्या पहिल्या सात गाठी आखूड आहेत, सबब सदर नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत. मास्तरीणबाई म्हणाल्या, अगंबाई, यांनी दोरी मोजली कधी? मी तांब्या उचलला. पाणी प्यायले. त्यांच्या घरचं पाणी अजून गोड आहे.

दोरी मी कुणाच्या हातात दिलेली नाही. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. शेवटच्या दहा वर्षांच्या वह्यांत त्या सात गाठींचं अक्षरही नाही. ती गोष्ट जगात तीनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक गेलं, आणि मी तर कुणाला सांगितली नाही. खाली तीन सह्या होत्या. मधल्या सहीची शेपटी अशी उजवीकडे वळलेली, जशी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू स्वतःच करायचीस तेव्हा वळायची.

तू मला सांगितलं होतंस की कंपनीत तुझं काम नकाशांचं आहे, आणि तेही दुसऱ्याच भागाचं. असेल. कदाचित जेवणाच्या टेबलावर चार सहकाऱ्यांत तू ही गोष्ट हसत हसत सांगितली असशील, लहानपणीची गंमत म्हणून, आणि कुणीतरी ती टिपून घेतली असेल. मी स्वतःची अशी समजूत काढून पाहिली. दोन दिवस काढली. पण सही हसत हसत होत नाही गं. मी रागावले आहे. रागावले आहे हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुझ्या फीसाठी ढवळीची आजी विकली तेव्हा मी रडले नव्हते, सोमवारी मात्र त्या ओट्यावरून उठून घरी येईपर्यंत रडले. आता रडून झालंय.

आणि एक सांग मला. पाणी काही सातव्या गाठीच्या वर कधी आलेलं नाही. मग दोरीत दहा इंच कमी असतील तर ते पहिल्या दिवशीही कमी, शेवटच्या दिवशीही तेवढेच कमी. चूक रोज तीच असली तर फरक खराच निघतो. हे धारा काढणाऱ्या बाईला कळतं आणि एवढं शिकलेल्या तुला कळत नाही? तुला कळतं. म्हणून तर जास्त लागलं. आडात नसतं तर पोहऱ्यात आलं नाही म्हणून मी गप्प बसले असते. पण तुझ्या आडात आहे, मी स्वतः भरताना पाहिलंय.

काल मी माळ्यावर चढले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, दिल्या तर दिल्या. सगळ्यात खालच्या डब्यात पहिली वही सापडली. पहिल्याच पानावर, निळ्या शाईत, शब्दाखाली रेघ मारून, तुझ्या त्या गोलगोल अक्षरात लिहिलंय: 'सूचना. पहिल्या सात गाठी माझ्या चुकीने आखूड झाल्या आहेत. म्हणून प्रत्येक मापातून दहा इंच वजा करावे. चूक लपवू नये.' खाली तारीख आणि तुझी सही, तीच शेपटीची. बाजूला बाबांनी लिहिलंय, तपासले, बरोबर. त्याच डब्यात तुझी फूटपट्टीही होती, टोकाला चावलेली.

हे पत्र मी एवढ्यासाठी लिहितेय की गुरुवारी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये मी ते पान मोठ्याने वाचणार आहे. तुझ्या नावानिशी, तारखेनिशी. आणि विचारणार आहे की अकरा वर्षांच्या पोरीची सही खरी धरायची की त्रेचाळिसाव्या पानावरची. तू समोर बसलेली असशील आणि हे पहिल्यांदा तिथे, चारचौघांत ऐकशील, हे मला नको होतं. माझी लेक आहेस, तुझ्या पाठीवर वार करणार नाही. तोंडावर करीन. रजा काढून घरी बसू नकोस, तसली लेक मी वाढवलेली नाही. ये. बाबांची खुर्ची मी घेऊन येणार आहे, पुठ्ठ्यासकट. दोरी आणि पट्टीही आणतेय, साहेबांना म्हणणार आहे की वाद कशाला, मोजूनच टाका. पण ती दोरी एकट्याने मोजता येत नाही, ताणून धरायला दुसरं माणूस लागतं, हे तुला माहीत आहे. नटाचं टोक माझ्या हातात असेल. दुसरं टोक मी टेबलावर मोकळं ठेवीन आणि तुझ्याकडे बघेन. तू उठली नाहीस, तर मास्तरीणबाई धरतील.

तुझीच,
दहा इंच वजा करूनही सगळ्यांना पुरून उरणारी,
आई