वाळवीने न खाल्लेली बेचाळीस रजिस्टरे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शहराच्या अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेली अभिलेखपाल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनाचा दाखला कुणी देत नाही.

१. दाभण, सुया आणि खळीचा ब्रश कार्यालयातल्या बाइंडरला. त्याने तीस वर्षे माझी बोलणी खाल्ली, पण एक पान कधी उलटे शिवले नाही.

२. शिलाई मशीन धाकट्या बहिणीला. भावजयीला नाही. तिने त्याला चारचौघांत भंगार म्हटले होते.

३. कपाटाच्या खालच्या खणात साडीत गुंडाळलेले जन्मनोंदीचे एक रजिस्टर आहे. ते माझे नाही. कार्यालयाला परत करावे. त्याची हकीकत अशी.

आमचे दप्तर आधी जुन्या तुरुंगाच्या कोठड्यांत होते, मग पाणीपुरवठ्याच्या तळघरात. नव्या इमारतीत जाताना मांडण्या कमी पडल्या. साहेब म्हणाले, "नदीकाठच्या वस्तीची बेचाळीस रजिस्टरं वाळवीनं खाल्ली म्हणून लिहा. कोण विचारतंय?" रजिस्टरे धडधाकट होती. मी लिहिले, सही केली. एक्केचाळीस लगद्याला गेली. एक मी घरी आणले, कारण त्यात माझ्या जन्माची नोंद होती. मी त्याच वस्तीतली, हे मी कार्यालयात कुणाला कळू दिले नव्हते. साहेब केव्हाच वारले. त्यांच्यावर खापर फोडता आले असते, पण अक्षर माझे आहे.

चार वर्षांनी रस्त्यासाठी वस्ती उठवायचे ठरले. जन्माची नोंद दाखवील त्यालाच बदली घर. वस्तीतली सुईण सात वेळा माझ्या खिडकीशी आली.

"बाई, नीट बघा ना. शेकडो पोरं माझ्या हातची. प्रत्येकाची वर्दी मी स्वतः इथं दिलीय."

"वाळवीनं खाल्लं, मावशी."

"मला तोंडपाठ आहेत. सांगते, लिहून घ्या."

"तोंडी चालत नाही."

सातव्या खेपेला ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमचा तोंडवळा ओळखीचा वाटतो," म्हणाली. मी खिडकी लावून घेतली.

घरी ठेवलेल्या त्या एका रजिस्टरात एकोणीस कुटुंबांना पुरतील एवढ्या नोंदी होत्या. ते बाहेर काढले असते तर माझी नोकरी गेली असती. मी काढले नाही. वस्ती दोन दिवसांत सपाट झाली. पुढच्याच वर्षी सुईण शहराबाहेर, मुलीच्या भाड्याच्या खोलीत वारली.

४. वाळवीच्या शेऱ्याखाली 'हा शेरा खोटा आहे' असे लिहून पुढे माझे पूर्ण नाव घालावे. मेलेली म्हणून भीड धरू नये.

५. राहते घर सुईणीच्या मुलीला द्यायचे ठरवले होते. ती दवाखान्यात परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात तिला बोलावून हा मसुदा हाती दिला. तिने तो उभ्यानेच वाचला.

"ज्याला घर मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना?" तिने विचारले.

"नाही."

"मग मी साक्षीदार होते. घर घेतलं तर मिटलं असं होईल. मिटलेलं नाही."

मी बस म्हटले. ती बसली नाही. सबब घरही बहिणीलाच.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वाचून, समजून सही केली.

स्थळ : राहते घर. दिनांक : ९ फेब्रुवारी.

सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : खालच्या मजल्यावरचे घड्याळजी

साक्षीदार २ : सुईणीची मुलगी. (मी पुढे केलेले पेन घेतले नाही. स्वतःच्या पेनाने सही केली.)