गौरम्माची बोली

अव्वा, तुला अन् अप्पाला शरणू.

मी गुजरातेत, मोरबीत मजेत हाय. हा फरशीचा तिसरा कारखाना, पण इथं टिकीन. हात जरा भाजला होता, आता बरा हाय. तुझे गुडघे कसे हायत?

तू फोनवर म्हणलीस, आपली गौरम्मा शाळंत जायच्या वयाची झाली तरी ती काय बोलती ते कुणालाच कळत न्हाई, अन् ती चिडून जेवत न्हाई. म्हणून लिहायलोय. अप्पाकडून वाचून घे.

गुरं राखताना मी अन् गौरम्मा, आम्ही दोघा भावाबहिणींनी ती बोली केली. 'पुका' म्हणजे पाणी. 'तितू' म्हणजे भाकर नको, भात दे. नीट बोलायला शिकव म्हणून तू माझ्यावर लई ओरडायचीस. पण तिचं बोलणं मला एकट्यालाच कळायचं, त्याची मला मजा वाटायची. आता ती मजा तिलाच नडली.

दिवसभर 'लोलो' करत दाराकडं बघती म्हणलीस. लोलो म्हणजे लाल एसटी. आधी आम्ही 'लालटी' म्हणायचो, मग 'लोलटी', अन् तिच्या तोंडात झिजून 'लोलो' झालं. देवणीच्या स्टँडवर मी गाडीत बसलो तवा ती तेच ओरडत होती. मी हसून हात केला.

तिच्याशी तिच्यासारखंच बोल, अव्वा. लाजू नको. जेवंल ती.

'लोलो गिगी' म्हणजे गाडी येती. तेवढं मात्र आत्ताच म्हणू नको. मला सुट्टी मिळालेली न्हाई, अन् ती रस्त्यावर जाऊन बसंल.

तुझा लेक,
श्रीशैल