दोन डाव्या बाह्या

मी, गंगाभागीरथी वच्छलाबाई विश्वनाथ सगदेव, वय वर्षे एकसष्ट, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की भीती घातलेली नाही. डोळे अधू झाले आहेत, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते. पण बुद्धी ठिकाणावर आहे आणि स्मरण तर नको तितके शाबूत आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंवरून वाद होऊ नये, आणि एका बाईवर माझ्यामुळे आलेला आळ निघावा, म्हणून हा लेख करून ठेवते.

पहिली बाब घराची. कचेरीतल्या नोकरीवर यजमानांनी घेतलेल्या दोन खोल्या व मागचे अंगण माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा चिरंजीव केशव यास द्यावे. तो अर्जनवीस आहे, कागद कसा करावा हे त्यानेच मला सांगितले. मजकूर मात्र त्याला पुसलेला नाही. मागच्या खोलीची पूर्वेकडची खिडकी त्याने बुजवू नये. शिवणाऱ्या बाईला उजेड लागतो, आणि त्याच्या बायकोला पुढेमागे शिवावेसे वाटेल.

दुसरी बाब पोस्टातील शिलकेची. माझे दिवसकार्य साधेपणाने करून उरेल ते केशवच्या मुलीच्या शिक्षणाला लावावे. लग्नाला नव्हे. शिक्षणाला.

तिसरी बाब. माझी विलायती कात्री नणंद गोपिकाताई हिने मागून नेली आणि तिने सुपारी कातरली. कात्री परत आली तेव्हा तिने मलमलसुद्धा कापली जाईना. अठरा वर्षे मी तिच्याशी सणावारापुरते बोलले. ती कात्री आता गोपिकाताईच्याच मुलीला द्यावी, सुपारीला चालेल. माझा राग मी सोडला असे तिला सांगावे. पुढची बाब लिहायला घेतल्यावर माझा राग फार लहान दिसू लागला.

चौथी बाब हिरव्या ट्रंकेतल्या पिशव्यांची. सन १९२० साली यजमानांनी कचेरीतल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावातून हातमशीन आणले. तेव्हा महालात घरी मशीन असणारी मी एकटीच. मी काय काय शिवले! मासोळीच्या आकाराची पिशवी, तिला कोटाच्या बटणाचे डोळे. सासूबाई म्हणाल्या, "वच्छला, आपल्या घरात मासोळी? ती देवघराकडे तोंड करून टांगू नकोस." जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी केली, ती घामाने काळा रंग सोडी. यजमानांच्या पागोट्याचा बटवा केला, त्याला झालर इतकी लावली की तोंड सापडेना. आळीतल्या बायका वा वा करीत, पिशवी घेऊन जात, आणि घरी तीत लसूण भरून ठेवीत. हे मला फार उशिरा कळले. वाहवा मात्र मी खरी धरली. मग कलकत्त्याहून टपालाने, कापडावर ठेवून कापायचे कागदी बेत मागवू लागले. त्यावरचे इंग्रजी मला अक्षर लावून वाचता येई, अर्थ लागत नसे. तो मी मनाने लावी. त्या बेतांवरून शिवलेल्या झग्यात माझ्या भाचीचे डोके असे अडकले की झगा कापून तिला सोडवावे लागले. त्या दिवशीच मी थांबायला हवे होते. ट्रंकेतल्या पिशव्या ज्याला हव्या त्याने न्याव्या. एक सोडून. तिच्याविषयी खाली लिहिते.

पाचवी बाब. ही लिहिताना मी तीनदा टाक खाली ठेवला.

देवकी नत्थूजी पराते ही तांडापेठेत राहणारी कोष्ट्याची बायको. नवरा मागावर बसे, ही महालातल्या घरांतून चोळ्या, पोलकी शिवून देई. आठवड्यातून तीन दिवस माझ्याकडे येई. काजे, बटणे, तुरपाई तिची. ती अंगाचे माप दोरीला गाठी मारून घेई, आणि तिचे पोलके कधी कोणाला दाटले नाही की ढगळ झाले नाही. मला हे ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच मी तिला कधी कात्री हातात दिली नाही.

सन १९२९ च्या वैशाखात शेजारच्या अरुंधतीबाई हरकरे यांच्या ताराचे लग्न निघाले. अरुंधतीबाईंनी आपल्या आईचा शालू उसवून जरीचा तुकडा काढला आणि माझ्याकडे आणला. म्हणाल्या, "आई राहिली नाही. तिची एवढी खूण तारीच्या अंगावर असू दे. सुनमुखाला घालील." मी लांब बाह्यांचे, विलायती तऱ्हेचे जाकीट करून देते म्हटले.

देवकी कागदी बेताकडे पाहून म्हणाली, "बाई, हे माप मडमेचं होय. ताराबाईच्या पाठीले नाई पुरत. मले दोरीनं मोजू द्या एकडाव."

मी म्हणाले, "तू काजांचे बघ."

तिला दाराशी बसवून मी एकटीने कापड बेतले. दोन्ही बाह्या एकाच अंगाने ठेवून कापल्या. उचलून पाहते तो दोन्ही डाव्या. देवकी दारातून पाहत होती. मी तिला त्या दिवशी लवकर घरी पाठवले, त्या बाह्या ट्रंकेच्या तळाशी दडवल्या, आणि पाठीसाठी ठेवलेल्या कापडातून नव्या बाह्या काढल्या. पाठ चार बोटे अपुरी पडली. मी ती ओढूनताणून शिवली. शिलाईत दाब म्हणून जादा कापड सोडायला जागाच नव्हती.

सुनमुखाच्या वेळी तारा सासूच्या पाया पडायला वाकली आणि डाव्या मुंढ्यापासून कमरेपर्यंत जाकीट टर्रकन फाटले. वरपक्षाच्या बायका हसल्या. पोरीने पदर दोन्ही हातांनी आवळून धरला तो वरात निघेपर्यंत सोडला नाही. ती जबलपूरला नांदायला गेली. तिथे तिला कितीतरी दिवस 'फाटकी सून' म्हणत, हे तिनेच एकदा हसत हसत मला सांगितले. मीही हसले. कशी हसले कोण जाणे.

अरुंधतीबाई मागच्या ओसरीत आल्या. मी तिथे होते, देवकी होती, आळीतल्या आठदहा बायका होत्या. त्यांनी विचारले, "हे बेतले कोणी?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणाले, "देवकीने."

"आणि एवढे कापड होते, ते गेले कुठे?"

मी मान खाली घातली. ते सांगण्याहून वाईट झाले. अरुंधतीबाईंनी देवकीला चोर म्हटले. मंगलकार्याच्या घरात सर्वांदेखत तिचे गाठोडे सोडायला लावले. त्यात भाकरी होती, कांदा होता, मापाची दोरी होती. तिने गाठोडे पुन्हा बांधले. माझ्याकडे एकदा पाहिले. रागाने नव्हे, मी आता तरी बोलेन असे तिला वाटत असावे. मग ती गेली.

त्या दिवसानंतर महालात तिला कोणी सुई दिली नाही. पुढच्याच वर्षी नत्थूजी खोकल्याने गेला. देवकी आणि तिची लेक कौशल्या बिड्या वळू लागल्या. कौशल्या तेव्हा नऊ वर्षांची. मी हे सर्व ऐकून होते. दार लावून, त्या दोन डाव्या बाह्यांची एक पिशवी शिवली, मण्यांचे बंद लावले. का शिवली ते मला सांगता येत नाही. कापड वाया जाऊ नये एवढेच तेव्हा मनात होते, आणि ती माझ्या हातून झालेली सर्वांत सुबक वस्तू आहे, हे लिहायला मला लाज वाटते. तीच ती वगळलेली पिशवी. ती अरुंधतीबाईंची. त्यांना द्यावी.

सहावी बाब मशीनची. माझे हातमशीन, त्याचा धोटा, सुयांची डबी, मेजासकट, कौशल्या नत्थूजी पराते हिला द्यावे. हे दान नाही. ती घेईलच असेही नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी तांडापेठेत गेले. देवकी अंगणात बिड्या वळत होती. मला पाहून तिने सूप बाजूला सारले, बसायला गोणपाटाची फारी टाकली. मी उभ्यानेच सगळे सांगितले. बाह्या, पाठ, पिशवी. ती सूप पुन्हा ओढून ऐकून घेत होती आणि हात चालूच होते.

मग म्हणाली, "मले मालूम होतं बाई. दोन बाह्या डाव्या झाल्या त्या म्या दारातून पायल्या."

मी म्हणाले, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"म्या बोलली असती तं कोणी मानलं असतं? तुमी काहून नाई बोलल्या, ते सांगा."

मी म्हटले, "मला क्षमा कर. मशीन तुझ्या कौशल्येला देते. पैसेही..."

"पैसे नोको." पहिल्यांदाच तिचा हात थांबला. "तुमी दहा वर्सानं येऊन माया आंगनात, मले एकटीले सांगून राहिल्या. चोर म्हनलं ते आठदहा बायांच्या म्होरं म्हनलं होतं. तिथं सांगा. मंग माया घरी या."

मी सांगते म्हणून वचन दिले आणि आले. त्यानंतर दोनदा अरुंधतीबाईंच्या दारापर्यंत गेले, एकदा उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि "ताक आहे का" विचारून परत आले. संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला सगळ्या बायका जमल्या होत्या. विधवेला कोण बोलावणार, हे निमित्त मला फार सोयीचे झाले.

म्हणून सातवी बाब मी अशी लिहिली होती की, माझ्या पश्चात हे मृत्युपत्र हरकऱ्यांच्या ओसरीत आळीतल्या बायकांसमोर मोठ्याने वाचावे. परवा केशव घरी आला, कागद बरोबर झाला की नाही पाहायला. शेवटी दाखवावा लागला. त्याने वाचला. चष्मा पुसला. मग म्हणाला, "काकू, कायद्याने यात काही चूक नाही. पण तुम्ही मेल्यावर हे वाचले, तर लोक तुमच्यासाठी रडण्यात गुंततील. देवकीबाईंचे कोण ऐकेल?"

मी म्हणाले, "माझ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहून वाचवणार नाही."

"मग कागदाकडे पाहून वाचा," तो म्हणाला.

ती सातवी बाब मी खोडली आहे. खोडलेल्या ओळींवर माझी सही आहे. तिच्या जागी पुढील मजकूर आज लिहिते.

आज दुपारी अरुंधतीबाईंच्या ओसरीत मी हे मृत्युपत्र येथपर्यंत वाचले. अकरा बाया होत्या. त्या दिवशीच्या पाच हयात आहेत, त्या पाचही आल्या. तांडापेठेत मी निरोप धाडला होता. देवकी आली नाही. कौशल्या आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. पाचव्या बाबीवर माझा आवाज गेला. पाणी पिऊन ती बाब मी पुन्हा पहिल्यापासून वाचली, मधून नव्हे.

वाचून झाल्यावर पिशवी अरुंधतीबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती उघडली, आतल्या जरीवरून बोट फिरवले आणि ओळखली. एका बाईने माझी समजूत घालायला सुरुवात केली, "जाऊ द्या वच्छलाबाई, झाले ते..." तिला अरुंधतीबाईंनी गप्प केले. मग उठून दारापर्यंत गेल्या आणि कौशल्येला म्हणाल्या, "तुझ्या आईचे गाठोडे मी सोडायला लावले. खोटे यांनी सांगितले, पण हात माझा होता. मी तिच्या घरी आले तर ती मला आत घेईल का?"

कौशल्या म्हणाली, "मले नाई सांगता येत. तुमी या. तिचं ती पाहील." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, या कागदाची एक नक्कल मले द्या. मले वाचता येते. आईले मी सोता वाचून दाखवीन."

मी म्हणाले, "केशवकडून उद्या करवून देते."

"नाई," ती म्हणाली. "तुमच्या अक्षरातली द्या."

ती नक्कल मी तिथेच ओसरीत बसून लिहिली. दिवे लागणीपर्यंत वेळ लागला. एकेक बाई उठून गेली. कौशल्या थांबली. पाचवी बाब मी दुसऱ्यांदा लिहीत असता ती माझ्या खांद्यामागून वाचत होती, आणि 'चोर' हा शब्द मी घाईने लिहिला तेव्हा म्हणाली, "हा नीट नाई उमटला." मी तो पुन्हा, स्वच्छ लिहिला.

मूळ प्रत केशवकडे राहील, नक्कल कौशल्येकडे. दोहोंत फरक आढळल्यास कौशल्येकडची खरी मानावी.

हे मृत्युपत्र मी वाचले, मोठ्याने वाचले, आणि समजून सही केली.

(सही) वच्छलाबाई विश्वनाथ सगदेव

साक्षीदार
१. अरुंधतीबाई हरकरे, राहणार महाल. "माझ्यासमोर वाचले व सही केली. साक्ष सहीची देते, माफीची नाही. मला स्वतःलाच अजून ती मागायची आहे."
२. चंपतराव दादाजी भुसारी, पेन्शनर शिक्षक, राहणार महाल. "माझ्यासमोर सही केली."

मुक्काम नागपूर, मध्यप्रांत व वऱ्हाड
तारीख १५ माहे फेब्रुवारी सन १९४०