टेबलावरची टकटक

प्रिय दादा,

ऑपरेशननंतर तुझ्या गळ्यात यंत्र बसवलं आणि तू जन्मात पहिल्यांदा न अडखळता बोललास. आम्हाला आनंदच झाला. तुझा पहिला फोन आला, तेव्हा आईने मात्र तो माझ्या हातात दिला. म्हणाली, "या गृहस्थांना सांग, माझ्या मुलाला फोन द्या." इथे रेंज नाही, अशी थाप मी तुला मारली.

त्यानंतर महिनाभर ती तुझ्याशी बोलली नाही. शेवटी मी हे पत्र लिहायला घेतलं. आईसाठी एकदा तरी अडखळ, एवढंच मागायचं होतं. पण ज्यापायी तू शाळेत हजेरीलासुद्धा तोंड उघडायचा नाहीस, तेच परत मागणारी मी कोण?

आज तुझा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता. "आई" म्हणण्याआधी तू टेबलावर बोटाने टकटक केलीस, लहानपणापासून शब्द अडला की करतोस तशी. यंत्राला त्या टकटकीची काही गरज नव्हती. आई चष्मा पुसायची थांबली. फोनजवळ सरकून म्हणाली, "सावकाश बोल बाळा, मी ऐकतेय."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. ती टकटक तुझ्या लक्षात आली, तर तीही सोडून देशील.

तुझी,
धाकटी